माळ्यावरच्या कॅसेटमधले दूरदर्शन कसे वाचवावे

पुण्यातल्या अनेक घरांत माळ्यावर किंवा दिवाणाच्या कप्प्यात व्हीएचएस कॅसेटचे एखादे खोके अजून सापडते. कॅसेटवर 'मुंज' किंवा 'साखरपुडा' असे लिहिलेले असले, तरी समारंभ संपल्यावर उरलेल्या टेपवर घरातल्या कुणीतरी मराठी नाटक, बातम्या किंवा रविवारचा चित्रपट टेप करून ठेवलेला असण्याची शक्यता बरीच असते. सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्यात दिसणारे मुंबई दूरदर्शन ज्यांनी पाहिले, त्यांच्यासाठी हा ऐवज मोलाचा आहे, आणि तो संगणकावर उतरवून घेण्याचे काम घरी करता येण्याजोगे आहे.

आधी अपेक्षा नीट ठरवावी. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण घरोघरी व्हीसीआर (कॅसेट चालवणारे आणि टेप करणारे यंत्र) येऊ लागले ते साधारण १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास. त्यामुळे पुण्यात वाढलेल्या स्मिता पाटील बातम्या देत असत तो काळ किंवा 'चिमणराव गुंड्याभाऊ'चे मूळ प्रक्षेपण घरगुती कॅसेटवर मिळेल अशी आशा धरू नये. प्रदीप भिडे यांच्या बातम्या मात्र सापडू शकतात, कारण ते पुढे कित्येक वर्षे त्या खुर्चीत होते. दुसरे असे की, गाजलेल्या मालिकांचे काही भाग आज दूरदर्शनच्याच यूट्यूब वाहिन्यांवर पाहायला मिळतात. दोन कार्यक्रमांच्या मधले जे असते, म्हणजे निवेदिकेचे दोन शब्द, 'साप्ताहिकी'तला पुढच्या आठवड्याचा तपशील, 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व'ची पाटी, साबणाच्या जाहिराती, ते जपायची तसदी फारसे कुणी घेतलेली नसते. टेप महाग होती, म्हणून जगभरच्या केंद्रांत जुने पुसून त्याच टेपवर नवे मुद्रित करण्याची रीत होती, हेही लक्षात ठेवावे. म्हणून या कामाचा पहिला नियम असा की, 'फालतू' वाटणारा एकही भाग न कापता कॅसेट पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत उतरवावी.

कॅसेट यंत्रात घालण्यापूर्वी तिची तपासणी करावी, कारण पुण्याचा पावसाळा टेपला मानवत नाही. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा जाळीसारखे डाग दिसले तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट चुकूनही चालवू नये. बुरशी यंत्राच्या हेडवर (टेपवरचे चित्र वाचणाऱ्या भागावर) बसते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत बांधून ठेवावी आणि जाणकाराकडून साफ करून घ्यावी. निरोगी कॅसेटच्या कडेची छोटी प्लास्टिकची जिभली शाबूत असेल तर ती तोडून टाकावी, म्हणजे रेकॉर्डचे बटण चुकून दाबले गेले तरी जुने चित्र पुसले जाणार नाही. टेप तुटलेली असेल तर घरातली चिकटपट्टी लावण्याचा मोह टाळावा, कारण तिचा डिंक सुटून हेडला चिकटतो. जोडणीसाठी वेगळी स्प्लायसिंग टेप मिळते. कॅसेटचे कवच फुटले असेल तर खालचे पाच स्क्रू काढून दोन्ही रिळे दुसऱ्या कॅसेटच्या कवचात बसवता येतात, मात्र टेप कोणत्या खुंटीवरून कशी फिरते याचा मोबाइलवर फोटो काढूनच हात घालावा.

खरी अडचण यंत्राची आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले, त्यामुळे मिळेल ते यंत्र वापरलेलेच असणार. आधी नातेवाइकांकडे चौकशी करावी, नंतर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारावी. विकत घेताना जिचे काही झाले तरी हरकत नाही अशी एक कॅसेट बरोबर न्यावी आणि यंत्र ती चावते का, पुढे-मागे दोन्हीकडे सुरळीत फिरवते का, हे विक्रेत्यासमोरच पाहावे. विक्रेता घाई करू लागला, तर ते यंत्र तिथेच ठेवून पुढे जावे.

चित्रात मुंग्या येत असतील तर बहुधा हेडवर मळ साचलेला असतो. यंत्राची वायर काढून, वरचे झाकण उघडून, शामॉय चामड्याचा तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवावा, तो हेड बसवलेल्या गोल ढोलावर हलकेच टेकवून स्थिर धरावा आणि दुसऱ्या हाताने ढोल सावकाश फिरवावा. कापड कधीही वर-खाली घासू नये. हेडची टोके इतकी नाजूक असतात की तेवढ्यानेही ती तुटतात. ढोल पूर्ण वाळल्यावरच कॅसेट घालावी. आडव्या रेषा उरल्याच तर ट्रॅकिंगचे, म्हणजे टेप आणि हेड यांचा मेळ जुळवणारे, बटण फिरवून पाहावे.

पुढचे साहित्य तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन मिळते: पिवळ्या-पांढऱ्या-लाल टोकांची केबल आणि व्हीसीआरचे चित्र संगणकात घेणारे यूएसबी कॅप्चर यंत्र. संगणकावर ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. त्यात चित्राची पद्धत पाल (भारतात दूरदर्शन वापरत असे ती) अशी निवडावी. एनटीएससी (अमेरिका-जपानची पद्धत) राहिले तर चित्र उड्या मारते किंवा रंग गायब होतात, आणि माणूस विनाकारण कॅसेटला दोष देत बसतो. आकार ७२० बाय ५७६ आणि प्रमाण ४:३ ठेवावे. आजच्या रुंद पडद्यावर भरावे म्हणून चित्र ताणल्यास निवेदिकेचा चेहरा फुगतो, आणि ती विकृती फाइलमध्ये कायमची राहते. पाल पद्धतीत सेकंदाला पन्नास अर्धचित्रे येतात, म्हणून डीइंटरलेसिंगमध्ये (अर्धचित्रांपासून पूर्ण चित्रे बनवण्याच्या सेटिंगमध्ये) 'यादिफ २x' आणि वेग ५० निवडल्यास हालचाल मूळच्यासारखी नितळ दिसते. बहुतेक जुन्या व्हीसीआरचा आवाज मोनो असतो आणि तो एकाच कानात ऐकू येतो. ध्वनीच्या प्रगत सेटिंगमध्ये मोनोची खूण केली की प्रश्न मिटतो.

टेप ताणली गेली असेल तर तिच्या लहरी वेगामुळे स्वस्त कॅप्चर यंत्र मधली चित्रे गाळते आणि तासाभरात ओठ व आवाज यांची फारकत होते. अशा वेळी जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडून सिग्नल त्यातून पुढे नेल्यास बऱ्याचदा चित्र स्थिरावते. रेकॉर्डिंगपूर्वी प्रत्येक कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवावी, म्हणजे वर्षानुवर्षे एकाच जागी बसलेल्या टेपचा ताण सारखा होतो. ई-१८० कॅसेट साध्या वेगात तीन तासांची असते, आणि लाँग-प्ले वेगात भरलेली असल्यास सहा तासांची, तेव्हा डिस्कवर पुरेशी जागा ठेवून एका दिवसात एक-दोनच कॅसेट हाती घ्याव्यात.

फाइल तयार झाली की तिची तारीख शोधण्याचे काम उरते, आणि माझ्या मते सगळ्यांत रंजक भाग हाच. बातम्यांत निवडणूक, अर्थसंकल्प किंवा कसोटी सामना आला तर दिवस सहज ठरतो. तसे काही नसेल तर त्या काळच्या दैनिकांत छापून येणारा दूरदर्शनचा कार्यक्रम पाहावा. पुणे मराठी ग्रंथालय, पुणे नगर वाचन मंदिर अशा जुन्या संस्थांकडे कोणत्या वर्षांचे अंक पाहायला मिळतील हे आधी चौकशी करून जावे. घरातल्या ज्येष्ठांना शेजारी बसवून फाइल लावावी आणि निवेदक, नट, गायक यांची नावे ते सांगतील तशी मिनिट-सेकंदासह टिपून घ्यावीत. काका आणि आत्या यांच्यात नावावरून वाद झाला तर दोन्ही नावे प्रश्नचिन्हासह लिहावीत. केबलवाल्याच्या स्थानिक वाहिनीवरची विसर्जन मिरवणूक सापडली तर तिची टिपणे जास्त बारकाईने करावीत, कारण तिची दुसरी प्रत मिळण्याचा संभव फारच कमी असतो.

फाइलच्या नावात वर्ष, वाहिनी आणि मुख्य कार्यक्रम असावेत, आणि दोन प्रतींपैकी एक दुसऱ्या घरी ठेवावी. मूळ कॅसेट फेकू नये. ती पूर्ण मागे फिरवून, पुस्तकासारखी उभी, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावी. घरी पाहण्यासाठी केलेली प्रत ही एक गोष्ट आणि ती इंटरनेटवर चढवणे ही दुसरी; मालिका, नाटक आणि गाणी यांचे हक्क प्रक्षेपणापलीकडे दीर्घकाळ टिकतात, तेव्हा सार्वजनिक करण्यापूर्वी दूरदर्शनला लेखी विचारावे आणि त्या पत्रासोबत कॅसेटमधल्या मजकुराची मिनिटवार यादी जोडावी.