एचआयव्हीच्या पेशंटला परत परत अ‍ॅडमिट करावं लागतंय? डिस्चार्जनंतरच्या या चुका टाळा

सुट्टी झाली की घरच्यांना वाटतं संकट टळलं. पण सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) २०० च्या खाली असलेला पेशंट टीबी, न्यूमोनिया किंवा मेंदूज्वरातून उठून घरी येतो तेव्हा फक्त तो आजार आटोक्यात आलेला असतो, प्रतिकारशक्ती अजून तळालाच असते आणि एआरटी (एचआयव्हीची रोजची औषधं) चालू असली तरी ती वर यायला कित्येक महिने जातात. म्हणून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे फार जपायचे असतात, आणि नेमकं तेव्हाच सगळे जण ढिले पडतात.

डिस्चार्ज कार्ड फाइलमध्ये ठेवून देणं

ही चूक सगळ्यात जास्त होते. वॉर्ड वेगळा, एआरटी सेंटर वेगळं. पेशंट अ‍ॅडमिट होता, कोणती औषधं नवीन लागली हे तिकडे आपोआप कळेल असं धरून बसू नका. ससून असो की पिंपरीचं वायसीएम, तुमचं नाव जिथे नोंदलंय तिथे त्याच आठवड्यात डिस्चार्ज कार्ड आणि ग्रीन बुक (एआरटीच्या नोंदींची वही) घेऊन जा, पुढची तारीख लांब असली तरी जा. पेशंटला बसने जाणं झेपत नसेल तर आधी घरातलं कोणीतरी जाऊन समुपदेशकांशी बोलून या. अ‍ॅडमिट असताना गोळ्यांची तारीख उलटून गेलेली असते आणि घरी आल्यावर डबा रिकामा, हे फार वेळा घडतं.

टीबीची औषधं सुरू झाली पण एआरटीचा डोस तोच राहिला

हे कृपया नीट वाचा. आता बहुतेकांना टीएलडी असते, म्हणजे टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राविर मिळून रोज एक गोळी. टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन शरीरातलं डोल्युटेग्राविर कमी करतं, त्यामुळे १२ तासांनी डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी लागते, आणि टीबीचा कोर्स संपल्यावरही ती दोन आठवडे चालू ठेवतात. कार्डवर टीबीची औषधं आहेत आणि ही जादाची गोळी नाहीये, तर त्याच दिवशी एआरटीच्या डॉक्टरांना विचारा.

कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या आणि अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध यांचंही तसंच आहे. अशक्तपणा म्हणून मेडिकलमधून आणून सगळं एकदम गिळतात, मग डोल्युटेग्राविर अंगाला नीट लागत नाही. एआरटीची गोळी यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायची.

"बरं वाटतंय" म्हणून सेप्ट्रान बंद

कोट्रायमॉक्साझोल म्हणजे ही सेप्ट्रान, न्यूमोनिया परत होऊ नये म्हणून असते. क्रिप्टोकॉकल म्हणजे बुरशीमुळे होणारा मेंदूज्वर झालेल्यांना फ्लुकोनाझोलही बरेच महिने घ्यावं लागतं. गोळ्या फार झाल्या म्हणून लोक पहिली काट यांनाच मारतात, आणि तोच आजार उलटतो. सीडी४ पुरेसा वर आलाय का ते बघून डॉक्टरच या थांबवतील, आपण नाही. अंगावर पुरळ आलं तर मात्र वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

एआरटीने त्रास वाढला म्हणून एआरटीच सोडणं

नवीन एआरटी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत कधीकधी ताप परत येतो, गाठी सुजतात, खोकला वाढतो. प्रतिकारशक्ती जागी होऊन शरीरात लपलेल्या जंतूंवर तुटून पडते त्याचा हा परिणाम असू शकतो, याला आयरिस म्हणतात. घरच्यांना वाटतं गोळ्या मानवत नाहीत, कोणीतरी काढा सुचवतं, आणि गोळ्या बंद! असं करू नका हो. दाखवायला मात्र उशीर नको, कारण नवीन इन्फेक्शनही असू शकतं आणि ते घरी बसून ओळखता येत नाही.

गणपतीला गावी, गोळ्या पुण्यात

सोलापूर, साताऱ्याकडून कामाला आलेले खूप जण आहेत, मुक्काम लांबतो आणि डोस चुकतात. ग्रीन बुक सोबत ठेवा, तिकडच्या एआरटी सेंटरवर ते दाखवून मधल्या दिवसांच्या गोळ्या मागता येतात. कायमचंच गावी राहायचं असेल तर ट्रान्सफर मागा, काही अडलं तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, फुकट आहे.

कॅज्युअल्टीत लपवणं

शेजारी सोबत आलेत म्हणून एचआयव्ही सांगत नाहीत, मग डॉक्टर साधा ताप समजून औषध देतात आणि दोन दिवसांत पेशंट परत. शेजाऱ्यांना बाहेर थांबवा पण डॉक्टरांना सांगाच. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

धाप लागणं, न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, झटका, बडबड किंवा गुंगी, चालता न येणं, यातलं काहीही दिसलं तर ओपीडीच्या वाराची वाट बघू नका, रात्र असली तरी जुनं डिस्चार्ज कार्ड आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत टाकून सरळ कॅज्युअल्टी गाठा.