मास्टर सिलिंडरमधली हट्टी सर्क्लिप: आधी फिरवा, मग दाबा

जुन्या मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर (लिव्हर दाबली की ब्रेक फ्लुइड ढकलणारा हँडलवरचा भाग) उघडायला घेतला की माणूस रबरी सीलवर किंवा पिस्टनवर सहसा अडत नाही. अडतो तो बोअरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो त्या भोकाच्या, तोंडाशी खाचेत बसलेल्या एका पोलादी कड्यापाशी. हीच सर्क्लिप. माझ्याकडे जे सिलिंडर ‘आता तूच बघ’ म्हणून येतात, त्यांतल्या बहुतेकांच्या सर्क्लिपचा एक कान (पकडीसाठी भोक असलेलं टोक) आधीच तुटलेला असतो आणि बोअरच्या कडेवर पक्कड घसरल्याचे ओरखडे असतात. जोर कमी पडलेला नसतो. उलट तो फार लवकर लावलेला असतो.

म्हणून एक नियम सुरुवातीलाच सांगतो: सर्क्लिप खाचेतल्या खाचेत फिरायला लागली नसेल, तर तिचे कान दाबायचे नाहीत. फिरायला लागली की ती निघणारच. या लेखातलं बाकी सगळं तिला फिरती करण्यासाठीच आहे.

१९६९ साली होंडा सीबी७५० पुढच्या डिस्क ब्रेकसह आली आणि नंतरच्या दशकात ही पद्धत सर्रास झाली. त्या काळातल्या हँडलवरच्या मास्टर सिलिंडरची रचना थोड्याफार फरकाने सारखीच असते. बाहेर रबरी बूट (पाणी-धूळ अडवणारं टोपण), त्याच्या आत सर्क्लिप, मग वॉशर, मग दोन रबरी कप, म्हणजे सील, असलेला पिस्टन आणि सगळ्यात आत स्प्रिंग. काही गाड्यांत बूट धरून ठेवायला तारेचं आणखी एक पातळ कडं असतं. त्याला कान नसतात. टोच्याने एक टोक उचललं की ते बाहेर येतं. खरी डोकेदुखी त्याच्या आतली.

ती सर्क्लिप तीन गोष्टींनी धरलेली असते. पहिली, स्प्रिंग. ती पिस्टनला, पिस्टन वॉशरला आणि वॉशर सर्क्लिपला सतत बाहेर ढकलत असते. दुसरी, गंज. बूट फाटला की पाणी आत जाऊन तिथेच साठतं. सर्क्लिप पोलादाची, सिलिंडर अॅल्युमिनियमचा. ओल्या जागी हे दोन धातू एकमेकांना लागून असले की झिजतं ते अॅल्युमिनियम, आणि त्याची पांढरी भुकटी खाचेत गच्च बसते. तिसरी गोष्ट म्हणजे आपलीच पक्कड. बाजारातली बहुतेक सर्क्लिप पक्कड १४ मिलिमीटरच्या खोल बोअरमध्ये शिरतच नाही. शिरली तर तिचे जबडे भिंतींना टेकतात आणि कान जवळ येण्याआधीच हालचाल संपते.

सुरुवात गाडीवरच करा. ब्रेक लिव्हरचा बोल्ट आणि होजचा बँजो बोल्ट (ब्रेकची नळी सिलिंडरला जोडणारा पोकळ बोल्ट), दोन्ही सिलिंडर हँडलला घट्ट असतानाच ढिले करून घ्या. नंतर हातात धरून ते सोडवणं म्हणजे बोटं सोलून घेणं. त्याआधी पेट्रोलच्या टाकीवर जाड ओलं फडकं टाका, कारण डॉट ३ किंवा डॉट ४ फ्लुइड रंग खातं. थेंब पडलाच तर पुसत बसू नका, भरपूर पाणी ओता. हे फ्लुइड पाण्यात विरघळतं आणि हाच गुण पुढे आपल्या कामी येणार आहे.

सिलिंडर रिकामा करून बूट काढला की आत बहुधा पांढरट-तपकिरी खडे दिसतील. त्यांत वाळलेलं फ्लुइडही असतं आणि अॅल्युमिनियमची भुकटीही. लोक इथे थेट गंज सोडवायचा स्प्रे मारतात. मी आधी गरम पाणी वापरतो. रिझर्व्हॉयरचं (फ्लुइडच्या छोट्या टाकीचं) झाकण, काच आणि प्लॅस्टिकचे भाग काढून अख्खा सिलिंडर गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवायचा. वाळलेलं फ्लुइड तेवढ्याने सुटतं. मग पितळी तारेचा बारीक ब्रश आणि टोच्या घेऊन सर्क्लिपभोवतीची भुकटी उकरून काढायची. हे काम कंटाळवाणं आहे, पण घाई करू नका. सर्क्लिपची पूर्ण गोलाई, दोन्ही कान आणि कानांतली भोकं स्वच्छ दिसेपर्यंत उकरत राहा. भोकांत अर्धा मिलिमीटर जरी घाण राहिली तरी पकडीचं टोक पूर्ण आत जात नाही, आणि कान तुटतो तो तिथेच.

सिलिंडर हवेने कोरडा केल्यावर स्प्रेची पाळी. तोंड वर करून ठेवा, थोडा स्प्रे मारा आणि रात्रभर विसरून जा. तेलाने आतले रबरी कप फुगतील, पण ते तसेही फेकायचे आहेत. मात्र नवे कप घालण्याआधी त्या तेलाचा अंशही आत राहता कामा नये. ग्लायकोल फ्लुइडसाठी बनवलेलं रबर खनिज तेलाने फुगतं आणि ब्रेक सुटेनासा होतो.

आता स्प्रिंगचा भार. माझ्या मते अर्धी लढाई इथेच असते आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात. सिलिंडर थेट व्हाइसमध्ये आवळू नका, बोअरची गोलाई बिघडेल. हँडलचा व्यास बहुतेक गाड्यांवर २२ मिलिमीटर असतो. त्याच मापाच्या पाइपचा तुकडा व्हाइसमध्ये आडवा धरा आणि सिलिंडर त्याच्या स्वतःच्या क्लँपने त्यावर बसवा, म्हणजे बोअर आडवा आणि आपल्या समोर येतो. मग पाच-सहा मिलिमीटर जाडीचा, टोक गोल केलेला दांडा पिस्टनच्या मधल्या खळग्यात टेकवा आणि पिस्टन दोन-तीन मिलिमीटर आत ढकलून धरा. यापेक्षा जाड दांडा घेतलात तर पकडीला जागा उरणार नाही.

दांडा धरायला कोणी मदतीला असेल तर उत्तम. नसेल तर ड्रिल स्टँड वापरा. प्लग काढून ठेवायचा, दांडा चकमध्ये आवळायचा, सिलिंडर तोंड वर करून खाली पक्का बसवायचा, हँडल ओढून पिस्टन दाबायचा आणि तिथेच लॉक करायचं. दोन्ही हात मोकळे राहतात. हे इतकं सोयीचं आहे की मदतनीस असला तरी मी असंच करतो.

पिस्टन आत गेला की वॉशर ढिला पडतो. आता टोच्याचं टोक एका कानाच्या भोकात घालून सर्क्लिप बाजूला ढकलून पाहा. फिरली? मग पुढचे दोन परिच्छेद सोडा आणि पकडीकडे या.

नाही फिरली तर एक बोथट, बारीक पंच घ्या. कानांवर नव्हे, कानांच्या समोरच्या बाजूला सर्क्लिपवर हलक्या हातोडीने टिचक्या द्या. मग थोडं सरकून पुन्हा, आणि असं गोलाकार फिरत जा. उद्देश तिला हलवण्याचा नाही, तिच्या आणि खाचेच्या भिंतीमधला पांढरा थर तडकवण्याचा आहे. आवाजाकडे लक्ष द्या. जखडलेल्या जागी ठोका भरीव येतो आणि सुटलेल्या जागी किंचित खुळखुळतो.

तेवढ्यानेही भागलं नाही तर उष्णता. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. ऐकायला भारी वाटतं, पण १४ मिलिमीटरच्या बोअरमध्ये तापमान ७० अंशांनी वाढवलं तरी दोघांतला फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढाच येतो. म्हणजे उष्णतेने खाच मोठी होऊन सर्क्लिप आपोआप पडणार नाही. गरम-गार, गरम-गार असं काही वेळा केलं की थर भेगाळतो आणि पुढच्या स्प्रेला आत शिरायला वाट मिळते. त्यासाठी उकळतं पाणी किंवा हीट गन पुरे. उघडी ज्योत नको, कारण उरलेलं फ्लुइड आणि स्प्रे दोन्ही पेट घेतात. आणि एक गोष्ट कधीच करू नका: क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेला भाग तापवणं. त्यातून फॉस्जीनसारखा जीवघेणा वायू तयार होऊ शकतो. तापवायचं काम असेल त्या दिवशी तो डबा टेबलावरच ठेवू नका.

पकडीबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण इथे पैसे वाचवणारे लोक सिलिंडर गमावतात. हवी ती आतल्या सर्क्लिपसाठीची, म्हणजे मूठ दाबली की टोकं जवळ येणारी, सरळ आणि लांब नाकाची. अदलाबदल करता येणाऱ्या टोकांची स्वस्त पक्कड अशा कामाला नकोच, टोक वळतं किंवा उडून जातं. चांगली लांब पक्कड मिळाली तरी बाहेरच्या बाजूने जबडे ग्राइंडरवर घासून बारीक करावे लागतात. थोडं घासा, पाण्यात बुडवा, पुन्हा घासा. पोलादावर निळा रंग चढला की पाणी उतरलं समजा, असं टोक नंतर वाकतं. टोकाचा आकारही बघा. ते शंकूसारखं निमुळतं असेल तर दाब वाढताच भोकातून वर सरकतं. शेवटचे दोन मिलिमीटर सरळ, दंडगोल हवेत आणि भोकात जेमतेम बसणारे हवेत. मी टोकांच्या आतल्या बाजूला बारीक कानशीने एक हलकी खाच पाडतो, कान तिच्यात अडकतो आणि सहज निसटत नाही.

आता चष्मा लावा. मी हे औपचारिकता म्हणून सांगत नाहीये. ही सर्क्लिप निसटली की कुठे जाईल ते सांगता येत नाही. हात आणि सिलिंडर मिळून एका मोठ्या पारदर्शक पिशवीत ठेवून काम केलं तर डोळाही वाचतो आणि नंतर टेबलाखाली शोधत बसावं लागत नाही. पिस्टन दाबलेला ठेवून टोकं पूर्ण आत घाला, कान जवळ आणा आणि सरळ बाहेर ओढण्याऐवजी किंचित डावी-उजवी हलवत बाहेर घ्या. एक बाजू खाचेतून सुटली आणि दुसरी अडली, तर अडलेल्या बाजूला पातळ फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्यांच्या संचातली) पट्टी सरकवा, म्हणजे सुटलेली बाजू परत आत बसत नाही. बाहेर आल्यावर दांडा एकदम सोडू नका. मागे स्प्रिंग आहे.

कान आधीच तुटलेला असेल तर? पक्कड विसरा. दोन मजबूत टोचे घ्या. सर्क्लिपच्या दोन टोकांमध्ये जी फट असते तिच्यातून तुटलेल्या टोकाच्या मागे पहिला टोच्या घाला आणि ते टोक बोअरच्या मध्याकडे उचला. खाली फीलरची पट्टी द्या. मग दुसऱ्या टोच्याने थोडं पुढे जाऊन पुन्हा उचला आणि पट्टी पुढे सरकवा. असं टायर रिमवरून उतरवतात तसं गोलाकार जायचं. तेही जमलं नाही तर शेवटचा मार्ग म्हणजे छोट्या रोटरी टूलवर कार्बाइड किंवा हिऱ्याचं बारीक टोक लावून सर्क्लिप कापणं. ती कडक स्प्रिंग पोलादाची असते, साधं ड्रिल बिट तिच्यावरून घसरून मऊ अॅल्युमिनियममध्ये घुसतं. पूर्ण आरपार कापू नका. थोडी जाडी ठेवा आणि तेवढं टोच्याने मोडा.

सर्क्लिप गेली आणि पिस्टन मात्र जागचा हलत नाही, असंही होतं. तोंडासमोर लाकडाची फळी आणि कापडाची जाड घडी ठेवून बँजो बोल्टच्या भोकातून अगदी कमी दाबाची हवा द्या. रिझर्व्हॉयरच्या तळाची भोकं रबराच्या तुकड्याने दाबून बंद करा, नाहीतर हवा तिथूनच निघून जाईल. समोर बोट धरून ‘येतोय का’ बघू नका.

मग खाच तपासा. तोंडाजवळ पडलेला ओरखडा दिसायला वाईट असला तरी सील तिथे काम करत नाही. पण नवा कप त्याच्यावरूनच आत जाणार आहे, म्हणून उठलेली कड बारीक पॉलिश पेपरने मोडून घ्या. खाचेची बाहेरची भिंत मात्र वेगळी गोष्ट. तोच सर्क्लिपचा आधार. ती तुटलेली किंवा खाऊन गेलेली असेल तर सिलिंडर बाद करा, मी त्यात तडजोड करत नाही. बोअरमध्ये, कप जिथे मागेपुढे सरकतात तिथे, नखाला लागणारे खड्डे असतील तर नवा किट (कप-पिस्टनचा संच) घालूनही तो गळणारच. तसा सिलिंडर स्लीव्ह, म्हणजे बोअरमध्ये धातूची नवी नळी, बसवायला द्या.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळं स्वच्छ धुऊन वाळवा. रिझर्व्हॉयरच्या तळाशी दोन भोकं असतात, त्यांतलं एक इतकं बारीक की घाईत दिसतही नाही. ते बुजलेलं राहिलं तर ब्रेक लागतो आणि सुटत नाही. गिटारची सगळ्यात पातळ पोलादी तार त्यातून हळूच घाला. मोठं करायचं नाही, फक्त मोकळं करायचं.

जोडताना कपांना ताजं ब्रेक फ्लुइड किंवा रबर ग्रीस लावा आणि त्यांचे ओठ आतल्या बाजूला, स्प्रिंगकडे ठेवा. सर्क्लिप नवीच घाला. ठोकून कापलेल्या सर्क्लिपची एक बाजू गोलसर आणि एक धारदार असते. धारदार बाजू बाहेर, लिव्हरकडे ठेवायची, म्हणजे पिस्टनचा रेटा आला की ती खाचेच्या भिंतीला घट्ट धरते. बसल्यावर टोच्याने फिरवून बघा. पूर्ण वळसा अडखळत नाही आणि कान सगळीकडे सारख्या अंतरावर राहतात, तर ती खाचेत आहे. दांड्याने पिस्टन आत दाबून झटक्याने सोडा, असं काही वेळा करा आणि पुन्हा फिरवून बघा.

ब्लीड केल्यावर, म्हणजे फ्लुइडमधली हवा काढल्यावर, लिव्हर पूर्ण ताकदीने मिनिटभर दाबून धरा आणि बूटखाली कोरडं बोट फिरवा. ओल लागली तर गाडी जागची हलवायची नाही. कोरडं असेल तर बूट उचलून सर्क्लिपवर रबर ग्रीसचा पातळ थर द्या आणि बूटची कड तिच्या खाचेत चहूबाजूंनी बसली आहे हे आरशात बघून घ्या, कारण खालची बाजू हँडलखाली झाकलेली असते आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं.