संग्रहालयात कांथा कसा पाहावा

कोलकात्याजवळ जोक्याला गुरुसदय संग्रहालय आहे. लोककलेचे अभ्यासक गुरुसदय दत्त यांनी जमवलेले जुने कांथे, म्हणजे बंगाली बायकांनी गोधडीसारखी शिवलेली भरतकामाची कापडं, तिथे आहेत. ते बघायचे तर आधी दोन पावलं मागे उभं राहा. मधोमध कमळ दिसेल, चार कोपऱ्यांत बहुधा झाडं किंवा कोयरी. एवढं लक्षात आलं की जवळ जा, पण काचेला हात न लावता.

आता चित्रं विसरा आणि मोकळी पांढरी जागा बघा. मी तिथेच सर्वात जास्त वेळ थांबते. जुन्या साड्या-धोतरांचे थर एकावर एक ठेवून बारीक धावदोरा घातलेला असतो, त्यामुळे कापडावर पाण्यासारख्या लहरी उठतात. दोरा पूर्वी साडीच्या काठातूनच उसवून काढत, म्हणून तांबडा आणि निळा जास्त. माझ्या आजीची गोधडीही धावदोऱ्याचीच. पण तिचे टाके बोटभर, इथले तांदळाच्या कण्यांएवढे!

आकारावरून उपयोग ओळखा. मोठा जाड तो लेप, थंडीत पांघरायचा. लांबट अरुंद ती आरशीलता, आरसा-कंगवा गुंडाळायची. चौकोनी बायतन पोथ्यांसाठी.

शेवटी अक्षरं शोधा. मानदासुंदरी दासी नावाच्या बाईने वडिलांसाठी शिवलेल्या कांथ्यावर दोऱ्यानेच मजकूर लिहिलाय. बंगाली येत नसेल तर तिथल्या कर्मचाऱ्याला वाचून दाखवायला सांगा. मी तसंच केलं, आणि ऐकताना डोळे भरून आले.