पोरगं फोन सोडत नाही? आधी तो कशासाठी धरलाय ते शोधा

मी भांडुपला नववी-दहावीचे क्लास घेते आणि हल्ली आईबाप मार्कांपेक्षा फोनबद्दलच बोलायला येतात. विचारतात उपाय, पण उपाय मनात ठरवूनच आलेले असतात, फोन काढून घ्यायचा नाहीतर वायफाय बंद करायचं. आता फोन काढून घेतला की फोन जातो, पण तो ज्या कारणासाठी हातात होता ते कारण घरातच राहतं ना. ते कारण कसं शोधायचं आणि सापडल्यावर काय करायचं, तेवढंच लिहितेय.

आधी हे बघा की खरंच व्यसन आहे का नुसती वाईट सवय. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डर हा आजार आयसीडी-११ या आपल्या यादीत घेतला, ती यादी २०१९ ला मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात किती तास खेळलं तर आजार असं काही दिलेलंच नाही. बघायच्या गोष्टी तीन, थांबायचं ठरवून पण थांबता येत नाही, बाकी सगळ्याच्या वर तेच येऊन बसलंय, आणि नुकसान डोळ्यासमोर दिसत असून चालूच आहे. हे पण साधारण वर्षभर चाललेलं असावं लागतं, लक्षणं फारच तीव्र असतील तर त्याआधीही धरतात. रील्स किंवा यूट्यूबचं त्या यादीत आजार म्हणून वेगळं नाव नाही, पण घरच्या घरी अंदाज घ्यायला हेच तीन प्रश्न चालतात. म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत दिवसभर खेळतोय, पण हाक मारली की जेवायला येतो, मित्र आले की खाली जातो, तर थोडं दमाने घ्या.

मग एक आठवडा काही बोलायचं नाही. जड जातं माहितीये, पण बोलायचं नाही, फक्त एका वहीत लिहायचं. किती वाजता, कुठे बसून, कुठलं ॲप, आणि मेन म्हणजे फोन उचलायच्या आधीच्या दहा मिनिटांत काय झालं. टेस्टचा पेपर मिळाला का, बाबा कामावरून आले का, बहिणीचं कौतुक झालं का, का काहीच घडलं नव्हतं आणि नुसता कंटाळा होता. तास मोजून हे कळत नाही. अँड्रॉइडवर डिजिटल वेलबीइंगमध्ये ॲपवार वेळ दिसतो, तो बघा पण पोराला शेजारी बसवून बघा, तो झोपल्यावर चोरून बघितलात आणि त्याला कळलं तर पुढचं काहीच तो तुम्हाला सांगणार नाही.

आता कारणं. मुंबईत मला सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे जागा, आणि त्याबद्दल कोणी बोलतच नाही. वन रूम किचनमध्ये आजी, आईबाप, दोन भावंडं, टीव्हीवर सिरीयल, त्यातच कुकरच्या शिट्ट्या. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला आपलं आपलं असं काहीतरी हवंच असतं, त्या वयाचं ते कामच आहे, आणि दार लावून घेता येईल अशी जागा त्याला सगळ्या घरात फक्त फोनमध्ये सापडते. माझ्याकडचा एक मुलगा क्लास सुटल्यावर जिन्यात बसून राहायचा, कानात इअरफोन. एकदा बघितलं तर वायरची पिन नुसती खिशात, कशालाच लावलेली नाही. काय ऐकतोयस विचारलं तर म्हणाला, "काही नाही मॅडम, कानात असलं की कोणी बोलावत नाही." आता याचा फोन काढून घेऊन काय होणार सांगा.

अशा पोराला रोज तासभर त्याची जागा द्या. पोटमाळा असेल तर पोटमाळा, नाहीतर गॅलरीचा कोपरा, पडदा लावा, आणि त्या तासात दूध आण, धाकटीला बघ असं कोणी म्हणायचं नाही. जवळपास अभ्यासिका असेल तर तिथे पाठवा, तिथे तो खरंच अभ्यास करतो का हे तपासायला मागे जाऊ नका. रात्री दोनपर्यंत जागणाऱ्यांचंही बऱ्याचदा हेच असतं, सगळे झोपल्यावर घर पहिल्यांदा शांत होतं. त्यात या वयात झोपेचं घड्याळ शरीरानेच पुढे ढकललेलं असतं, अकराला डोळा लागत नाही हे सगळंच नाटक नसतं. पण झोप आठ ते दहा तास लागतेच आणि शाळा सकाळी सातची असेल तर हिशोब बसतच नाही, दिवसा चिडचिड होते आणि त्या चिडचिडीवर परत फोन.

दुसरं कारण पोरात नाही, ॲपमध्ये आहे. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर (प्रयोगशाळेतल्या, दादरच्या नाही) प्रयोग केले होते, त्यात असं दिसलं की दाणा दर वेळी न मिळता कधी मिळतो कधी नाही असं असेल तर कबुतर जास्त चिकाटीने चोच मारत राहतं. रील्सचं तेच, पाच फालतू आणि सहावी भारी, म्हणून अंगठा थांबत नाही. तळ न येणारं स्क्रोल २००६ मध्ये एझा रास्किन या डिझायनरने बनवलं आणि नंतर त्यानेच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. मोठी माणसंसुद्धा यात अडकतात, आणि पोरांच्या मेंदूतला स्वतःला आवरणारा पुढचा भाग तर पंचविशीच्या आसपास पूर्ण तयार होतो. म्हणून "तुला जरा कंट्रोल नाही का" हा प्रश्न विचारून उपयोग नाही. सेटिंगमध्ये जाऊन नोटिफिकेशन आणि ऑटोप्ले बंद करा. गेम असेल तर "अर्ध्या तासात बंद" न म्हणता "ही मॅच संपली की बंद" म्हणा, ऑनलाइन मॅच मध्येच थांबवता येत नाही, मध्ये सोडली की टीमवाले शिव्या घालतात आणि मग तो राग तुमच्यावर निघतो.

काही पोरांना गेममध्ये मान मिळतो, जो वर्गात मिळत नाही. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीत माणसाच्या तीन मानसिक गरजा आहेत, आपलं आपण ठरवता येणं, काहीतरी चांगलं जमणं आणि आपली माणसं असणं. गणितात पस्तिसावर अडकलेला पोरगा तिकडे स्क्वॉडचा लीडर असतो, चार जण त्याचं ऐकतात, घरात त्याचं कोण ऐकतं? आणि आपण काय करतो तर दहावी आली म्हणून जूनमध्येच कबड्डी बंद, ढोल पथक बंद, मंडळात डेकोरेशनला जाणं बंद, आणि गणपतीपर्यंत तक्रार की हा फोन सोडत नाही. मला तर हा शुद्ध वेडेपणा वाटतो. जे जमतंय ते आठवड्यातून दोनदा तरी चालू ठेवा.

मुलींमध्ये, आणि मुलांमध्ये पण, ग्रुपचं प्रकरण असतं. या वयात सगळे आपल्याकडेच बघतायत असं सतत वाटत असतं, डेव्हिड एल्किंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्येच याला काल्पनिक प्रेक्षक म्हटलंय, आता तर ते प्रेक्षक लाइकच्या आकड्यात मोजताही येतात. त्यात रात्री साडेअकराला ग्रुपवर जे झालं ते माहीत नसेल तर सकाळच्या हसण्यात आपण बाहेर. एकट्या पोरीचा फोन दहाला बंद केलात तर तिला ती शिक्षाच वाटणार. त्यापेक्षा तिच्या तीन-चार मैत्रिणींच्या आयांना फोन करा आणि सगळ्यांची वेळ एकच ठरवा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये हेच केलं, संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद. सगळेच बाहेर असले की काही चुकतंय असं कोणालाच वाटत नाही. अख्ख्या मुंबईत भोंगा वाजवता येणार नाही पण एका मजल्यावर चार घरांत जमू शकतं.

नियम लावले की पहिले काही दिवस पोरगं आधीपेक्षा जास्त बिघडतं, आरडाओरडा, जेवण बंद, दार आपटणं. मिळणारी गोष्ट अचानक थांबली की आधी जोर वाढतो आणि मग उतरतो, हे अपेक्षितच आहे. इथेच बहुतेक घरं हरतात, चौथ्या दिवशी वैतागून फोन देतात आणि पोरगं शिकतं की चार दिवस ओरडलं की मिळतं, म्हणजे कबुतराचा दाणा आता तुम्हीच टाकताय. म्हणून नियम एकच लावा पण पाळता येईल असा. रात्री सगळ्यांचे फोन किचनमध्ये एकाच पॉइंटला चार्जिंगला, बाबांचा पण. सकाळच्या अलार्मला शंभर-दोनशेचं घड्याळ आणा, नाहीतर अलार्म हे कारण कायम तयार असतं.

कधी कधी फोन हा मूळ आजार नसतोच. खाली नैराश्य असतं, भीती असते, एडीएचडी (लक्ष एका जागी टिकत नाही तो त्रास) असतो, शाळेत कोणीतरी छळत असतं. पोरगं फोनवर असूनही खूश दिसत नसेल, मित्र सुटले असतील, शाळेला जायचं म्हटलं की पोटात दुखत असेल, तर वही ठेवा बाजूला आणि डॉक्टरांना दाखवा. मुंबईत केईएम, नायर, सायन या तिन्ही हॉस्पिटलांत मानसोपचार विभाग आहे. तिथे जायच्या आधी बोलायचं असेल तर सरकारची टेली मानस लाइन आहे, १४४१६, फुकट आणि चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जगायचं नाही असं काही तो बोलला किंवा लिहिलेलं सापडलं तर धमकी देतोय म्हणून सोडू नका, त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी दाखवा. एरवी जाताना त्याला खरं सांगून न्या, डोळे तपासायला चाललोय असं सांगून मानसोपचाराच्या ओपीडीत नेलेलं पोरगं डॉक्टरांसमोर तोंडच उघडत नाही, आणि आत डॉक्टरांनी त्याच्याशी एकट्याशी बोलायचं म्हटलं तर मुकाट्याने बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसा.