पोटातले दुखणे गॅसचे आहे का, हे कसे ओळखावे

पोटात दुखू लागले की गॅस झाला असेल, असे घरातले कोणीतरी सांगते आणि बहुतेक वेळा ते खरेही निघते. काळजी करावी लागते ती उरलेल्या वेळांची. म्हणून दुखणे गॅसचेच आहे असे गृहीत धरून ओव्याचा डबा शोधण्यापूर्वी ते गॅससारखे वागते आहे का, हे पाच-दहा मिनिटे शांतपणे पाहावे. दुखण्यासोबत छातीवर दडपण, दरदरून घाम, धाप किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर मात्र ही पाहणी करत बसू नये; त्या परिस्थितीत काय करायचे ते पुढे सांगितले आहे.

पोटात वायू दोन वाटांनी येतो. घाईघाईने खाताना, बोलत-बोलत जेवताना किंवा च्युइंग गम चघळताना हवा गिळली जाते आणि ती बहुतांशी ढेकरेवाटे निघून जाते. उरलेला वायू मोठ्या आतड्यात तयार होतो, कारण तिथले जिवाणू न पचलेले अन्न आंबवतात. वाटाणे, हरभरे, राजमा, वाल यांत अशा काही शर्करा असतात की त्या फोडणारे विकर माणसाच्या लहान आतड्यात नसतेच, त्यामुळे त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतात. कांदा, लसूण, गहू, कोबी आणि फ्लॉवर यांचाही काही भाग असाच पुढे जातो. निरोगी माणसाला दिवसाकाठी साधारण १० ते २० वेळा वायू सरतो, तेव्हा वायू होणे हा आजार नव्हे. तो अडकला आणि आतडे ताणले गेले की दुखते.

अशा दुखण्याची पहिली खूण म्हणजे ते एका जागी ठरत नाही. आता बेंबीजवळ, थोड्या वेळाने डाव्या कुशीत, मग ओटीपोटात, असे ते सरकते. नेमके कुठे दुखते असे विचारले, तर गॅस झालेला माणूस सहसा एका बोटाने जागा दाखवत नाही, तळहात पोटावरून फिरवतो. दुसरी खूण कळांची आहे: कळ चढते, टोकाला जाते, ओसरते आणि मधल्या काळात माणूस बऱ्यापैकी ठीक असतो. तिसरी खूण मी सर्वांत वजनदार मानतो, ती म्हणजे सुटका. वायू सरला किंवा शौचास साफ झाले की दुखणे लगेच आणि स्पष्टपणे हलके होते. याच्या जोडीला पोट गुरगुरते, डब्ब होते, आणि सकाळी सैल असणारी कमरेची पट्टी संध्याकाळी रुतू लागते. रात्रभराच्या विश्रांतीनंतर फुगवटा उतरलेला असणे हेही गॅसच्याच बाजूचे लक्षण आहे.

यानंतर पोट हाताने तपासावे. उताणे निजून गुडघे वर घ्यावेत, म्हणजे पोटाचे स्नायू सैल पडतात, आणि ऊबदार तळव्याने चारही बाजूंना हलके दाबून पाहावे. गॅसने फुगलेले पोट ढोलकीसारखे ताठ लागते, बोटाने टिचकी मारल्यास पोकळ आवाज येतो, परंतु दाबले तर ते आत जाते आणि दाबणे फारसे असह्य होत नाही. पोट लाकडासारखे कडक झाले असेल, एकाच ठिकाणी हात लावू देत नसेल, किंवा दाबलेला हात चटकन उचलताना जास्त दुखत असेल, तर पोटाच्या अस्तराला सूज आल्याची शक्यता असते आणि तिथे घरगुती उपायांचा विषय संपतो. ज्याला गॅस आहे त्याला चालल्याने बरे वाटते; ज्याच्या पोटात सूज आहे त्याला खोकताना, जिना उतरताना, रिक्षा गतिरोधकावरून जाताना प्रत्येक धक्का जाणवतो. मुंबईच्या पावसाळी रस्त्यांवर ही परीक्षा न मागता होते, आणि ‘येताना खड्ड्यांत दुखले का?’ या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांच्याही उपयोगाचे असते.

आता वेळेचा हिशेब. दुखणे सुरू झाले की माणूस नुकतेच खाल्लेल्या पदार्थाला दोष देतो आणि इथेच अंदाज चुकतो. गिळलेली हवा काही मिनिटांत त्रास देते. दूध पचत नसेल, तर साधारण अर्ध्या तासापासून दोन तासांत पोट फुगते आणि अनेकदा जुलाबही होतात. कडधान्यांना मात्र मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचायला कित्येक तास लागतात. त्यामुळे सकाळी आठला दादर स्थानकाबाहेर खाल्लेला रगडा दुपारी अंधेरीच्या ऑफिसात त्रास देतो, आणि बिचाऱ्या डब्यातल्या वरणभातावर संशय घेतला जातो. त्यात विरार किंवा बदलापूरहून पहाटे निघणारे कित्येक जण गाडी चुकू नये म्हणून शौचाची भावना दाबून ठेवतात. मळ साचला की वायूलाही वाट मिळत नाही. वारंवार गॅसचा त्रास होणाऱ्या माणसाने कडधान्ये बंद करण्याआधी आपली सकाळ तपासावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरा गोंधळ वरच्या पोटात होतो. मोठे आतडे डाव्या बरगड्यांखाली प्लीहेजवळ आणि उजवीकडे यकृताखाली वळते. डाव्या वळणात वायू अडकला तर दुखणे छातीत आल्यासारखे वाटते, उजव्या वळणात अडकला तर पित्ताशयाच्या दुखण्याची आठवण होते. याच्या उलटही घडते, आणि ते धोक्याचे आहे: हृदयविकाराचा झटका काही जणांना, विशेषतः मधुमेहींना, वयस्करांना आणि स्त्रियांना, छातीत फारसे न दुखता पोटाच्या वरच्या भागात जळजळ, मळमळ किंवा गच्चपणा म्हणून जाणवतो. दडपण बोटभर जागेत नसून पसरलेले असेल, जबडा, मान, पाठ किंवा हाताकडे जात असेल, जिना चढताना वाढून थांबल्यावर कमी होत असेल, घाम फुटत असेल, तर गॅसचा विचार सोडून ताबडतोब ईसीजी काढून घ्यावा.

अशा वेळी सोडा पिऊन पाहणे हा आपल्याकडे निदानाचा फार लाडका मार्ग आहे, आणि तो फसवा आहे. खाण्याचा सोडा पोटातल्या आम्लाशी मिसळला की स्वतःच कार्बन डायऑक्साइड तयार करतो आणि बाटलीतल्या सोड्यात तो आधीच भरलेला असतो. म्हणजे त्यानंतर आलेली मोठी ढेकर पोटात आधी गॅस होता याचा पुरावा ठरत नाही. हृदयाचे दुखणेही कधी कधी आपोआप ओसरते, आणि ते नेमके ढेकरेच्या वेळी ओसरले तर माणूस निश्चिंत होऊन झोपी जातो. याशिवाय फसफसणाऱ्या चूर्णांमध्ये सोडियम असल्याने रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ती सरसकट घेऊ नयेत. आम्लपित्ताचे दुखणेही वेगळे असते: त्यात छातीच्या मध्यभागी जळजळ आणि आंबट पाणी वर येणे असते, वाकले किंवा जेवून लगेच आडवे झाले की ते वाढते. आम्ल कमी करणारी गोळी त्यावर चालते, आतड्यात अडकलेल्या वायूवर तिचा उपयोग नाही.

इतर दुखण्यांची चाल माहीत असली की फरक करणे सोपे जाते. अपेंडिक्सचे दुखणे बहुधा बेंबीभोवती मंदपणे सुरू होते, म्हणून पहिल्या काही तासांत ते हमखास गॅस समजले जाते. पुढे साधारण दिवसभरात ते उजव्या ओटीपोटात सरकते आणि मग तिथेच ठाण मांडते, जेवण नकोसे होते, मळमळते, बारीक ताप येतो. या शंकेत जुलाबाचे औषध देऊ नये आणि पोट चोळू नये. पित्ताशयातील खड्यांचे दुखणे तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली उठते, अर्ध्या तासापासून काही तास सलग राहते आणि उजव्या खांद्याच्या फऱ्याकडे जाते. मुतखड्याचा रुग्ण एका जागी बसू शकत नाही. त्याची कळ कुशीतून जांघेकडे उतरते. स्वादुपिंडाला सूज आली तर दुखणे आरपार पाठीत जाते. पाळी चुकलेल्या स्त्रीच्या ओटीपोटात एका बाजूला दुखत असेल, तर गर्भ गर्भाशयाबाहेर राहिल्याची शक्यता तातडीने तपासावी लागते. किशोरवयीन मुलगा संकोचाने नुसते ‘पोट दुखते’ म्हणत असेल, तर वृषणात दुखते का हेही विचारावे, कारण वृषणाला पीळ पडला असेल तर काही तासांतच शस्त्रक्रिया करावी लागते.

फुगलेले पोट, वारंवार उलट्या, आणि वायू व शौच दोन्ही पूर्णपणे बंद, असे एकत्र दिसले तर आतड्यात अडथळा असू शकतो. पूर्वी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि हर्निया असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. त्याचप्रमाणे अचानक सुरू झालेले असह्य दुखणे, सहा तासांहून अधिक सलग टिकलेले तीव्र दुखणे, ताप, कावीळ, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच यांपैकी काहीही असेल, तर रात्र उलटण्याची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर आणि विलेपार्ल्याचे कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांत अपघात विभाग चोवीस तास सुरू असतो. हृदयाची शंका असलेल्या माणसाला लोकलने नेऊ नये आणि त्याने स्वतः गाडी चालवू नये.

यांपैकी काही नसेल आणि खुणा गॅसच्याच असतील, तर दहा-पंधरा मिनिटे चालावे; घर लहान असेल तर इमारतीच्या गच्चीवर किंवा व्हरांड्यात फेऱ्या माराव्यात. नंतर उताणे निजून एकेक गुडघा छातीशी आणावा, किंवा डाव्या कुशीवर पाय दुमडून पडावे. कोमट पाण्यासोबत चिमूटभर ओवा किंवा हिंग घेण्यास हरकत नाही. सिमेथिकॉन असलेली गोळी बुडबुडे फोडते, तिने काहींना आराम पडतो. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके टाळावीत, कारण ती जठराला इजा करतात. संध्याकाळपर्यंत वायू सरून पोट मोकळे व्हायला हवे.

त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, तर दोन-तीन आठवडे एका वहीत खाल्लेले पदार्थ, खाण्याची वेळ, दुखण्याची वेळ आणि शौचाची नोंद ठेवावी. संशयित पदार्थ एका वेळी एकच बंद करावा, नाहीतर नेमका दोष कुणाचा हे कळत नाही. वाल-वाटाणे सोडण्यापूर्वी ते रात्रभर भिजवून, ते पाणी ओतून देऊन, ताज्या पाण्यात नीट शिजवून पाहावेत. वजन उतरत असेल, झोपेतून जाग आणणारे दुखणे असेल, रक्तक्षय असेल, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच हा त्रास सुरू झाला असेल, किंवा एखाद्या स्त्रीचे पोट आठवडेच्या आठवडे फुगलेले राहून थोडे खाल्ले तरी भरल्यासारखे वाटत असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि ‘गॅस आहे’ असे न सांगता कुठे, केव्हापासून, कशाने वाढते व कशाने कमी होते, एवढेच सांगावे.