कुस्ती लाइव्हच्या चित्रातले ठिपके कसे गेले

खानापूर तालुक्यातल्या कुस्ती मैदानांचं लाइव्ह आम्ही बेळगावहून सामान नेऊन करतो, मराठी-कन्नड दोन्ही समालोचनांसह. यंदा राउटरवर (कॅमेऱ्यांची चित्रं हवी तिकडे वळवणारं यंत्र) एका कॅमेऱ्याच्या चित्रात पांढरे ठिपके उठू लागले, मध्येच पडदा काळा.

केबल दुसऱ्या इनपुटला लावली, तर दोष तिच्याबरोबरच तिकडे गेला. १०८०पी५० (सेकंदाला ५० पूर्ण चित्रं) ऐवजी १०८०आय५० (सेकंदाला ५० अर्धी चित्रं) केलं की ठिपके गायब. म्हणजे सेकंदाला १.४८५ गिगाबिटला सिग्नल तग धरत होता, २.९७ ला नाही. एसडीआय, म्हणजे केबलवरून जाणारा डिजिटल व्हिडिओ सिग्नल, असाच असतो: चित्र शेवटपर्यंत स्वच्छ, मग एकदम तुटतं.

राउटरच्या मागे एचडी-बीएनसीची, म्हणजे बीएनसी या नेहमीच्या व्हिडिओ कनेक्टरच्या छोट्या भावंडांची, दाटी. भाड्याने आलेल्या अडॅप्टरवर जाड आरजी-६ केबल थेट लोंबकळत होती, आणि तो अडॅप्टर ५० ओमचा! व्हिडिओला केबल-कनेक्टरचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) ७५ ओमच हवा. बीएनसीच्या तोंडाशी पिनभोवती पांढरं प्लास्टिक भरलेलं दिसलं, तर बहुधा तो ५० ओमचा समजा.

आता राउटरपासून पातळ ७५ ओम केबलचे छोटे तुकडे काढून रॅकच्या पट्टीवरच्या साध्या बीएनसीला जोडलेत. जाड केबलचं ओझं पट्टी घेते. एचडी-बीएनसी दाबून पाव वळसा फिरवावा लागतो. त्या दाटीत बोटं शिरत नाहीत, म्हणून त्याचं लांब दांड्याचं हत्यार जवळ ठेवाच. १०८०पी५० वर निकाली कुस्तीपर्यंत एकही ठिपका आला नाही.