नवं कोरं लिबरेटर रंगवण्याआधी काय शोधायचं

बेळगावच्या उद्यमबागेत माझं गाड्यांच्या पेंटिंगचं काम आहे. रात्री जेवणं झाली की शहापुरातल्या घरी मी विमानांची मॉडेलं जोडतो, आणि दुसऱ्या महायुद्धातलं बॉम्बर कारखान्याच्या दारातून बाहेर पडताना जसं होतं तसं करायला मला सगळ्यात जास्त आवडतं. पुतण्याला हा नाद लागलाय. परवा त्यानं विचारलं, "काका, लिबरेटरला ऑलिव्ह ड्रॅबची कुठली बाटली आणू?" लिबरेटर म्हणजे त्या युद्धातलं अमेरिकी बॉम्बर, आणि ऑलिव्ह ड्रॅब हा त्याचा मळकट हिरवा लष्करी रंग. बाटली शेवटी आणायची, म्हटलं त्याला. आधी विमान ठरव. नव्या कोऱ्या विमानाला कारखाना असतो, महिना असतो, आणि रंग त्या दोन्हींवरून ठरतो.

बी-24 लिबरेटर अमेरिकेत पाच ठिकाणी तयार होत होतं. विमानाच्या पूर्ण नावात शेवटी दोन अक्षरं येतात, त्यांवरून कारखाना कळतो: सीओ म्हणजे सॅन डिएगो, सीएफ फोर्ट वर्थ, एफओ म्हणजे फोर्डचा विलो रन, डीटी टल्सा, एनटी डॅलस. एकट्या विलो रननं 8,685 विमानं काढली. आतल्या भागाचे रंग कारखान्यागणिक बदलायचे, म्हणून सॅन डिएगोच्या विमानाचा फोटो बघून फोर्डचं विमान रंगवू नका.

मग महिना. 1943 संपेपर्यंत वरून ऑलिव्ह ड्रॅब आणि पोटाला न्यूट्रल ग्रे, म्हणजे करडा. 1944 च्या सुरुवातीपासून कारखान्यांनी हा रंग देणं बंद केलं आणि उघड्या पत्र्याची विमानं बाहेर पडू लागली. अमेरिकेची खूण असलेल्या पांढऱ्या ताऱ्याच्या मधला लाल ठिपका मे 1942 मध्ये गेला. जून 1943 च्या शेवटी ताऱ्याला दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या आणि भोवती लाल कड आली, पण थोड्याच महिन्यांत ती कड निळी झाली. तेव्हा लाल कडेचं नवं कोरं विमान करायचं असेल तर ते जुलै-ऑगस्ट 1943 च्या आसपासचंच हवं. पंखांवर तारा वरून फक्त डाव्या आणि खालून फक्त उजव्या बाजूला येतो.

शेपटीवरचा आकडा अनुक्रमांकातून निघतो. अनुक्रमांकाच्या सुरुवातीला वर्ष असतं, त्याचा पहिला अंक गाळायचा. फोर्ट वर्थला 1944 मध्ये तयार झालेलं 44-44052 या पद्धतीनं शेपटीवर 444052 होतं. ऑलिव्ह ड्रॅबवर हा आकडा पिवळा, उघड्या पत्र्यावर काळा. तारे, हा आकडा, नाकाच्या डाव्या बाजूचा बारीक अक्षरांचा मजकूर आणि सूचनांची स्टेन्सिलं, एवढंच. स्क्वाड्रनची अक्षरं, नाकावरची चित्रं, बॉम्बच्या खुणा हे सगळं तुकडीत गेल्यावरचं. फोटोत त्यातलं काही दिसलं तर तो फोटो ताऱ्यांच्या जागेपुरता वापरा, रंगासाठी नको.

फोटोंवर वेळ घालवा, मी तर सगळ्यात जास्त तिथंच घालवतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये त्या काळचे रंगीत कारखाना-फोटो आहेत आणि ते मोठ्या आकारात फुकट उतरवता येतात. हॉवर्ड हॉलेमनं ऑक्टोबर 1942 मध्ये फोर्ट वर्थच्या कारखान्यात काढलेले फोटो त्यातच आहेत. लिबरेटरचीच मालवाहू आवृत्ती तिथं जुळणीवर दिसते. कृष्णधवल फोटो असेल तर आधी फिल्म ओळखा. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल जवळजवळ काळा येतो आणि निळा फिका पडतो, म्हणून लाल कड आहे की निळी याचा निकाल एका फोटोवर देऊ नये.

गाडीचा मूळ रंग जुळवताना आम्ही बॉनेट बघत नाही, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून आतली कड बघतो. विमानाच्या फोटोतही सावलीत राहिलेल्या जागा शोधा. ऑलिव्ह ड्रॅब उन्हात लवकर तपकिरी पडायचा, ताजा असताना तो गडद आणि हिरवट. बाटलीवर लिहिलेल्या एफएस (फेडरल स्टँडर्ड, अमेरिकी सरकारी रंगपद्धत) क्रमांकावर डोळे मिटून विसंबू नका. ती प्रमाणपद्धत 1956 ची, आणि ऑलिव्ह ड्रॅबसाठी सांगितल्या जाणाऱ्या 34087 या क्रमांकाची छटा तर पुढच्या आवृत्तीत बदलली. 1:72 चं मॉडेल फूटभरावरून बघणं म्हणजे खरं विमान बहात्तर फुटांवरून बघणं, म्हणून काहीजण रंगात पांढरा मिसळतात. नव्या कोऱ्या विमानाला मी तो मिसळत नाही, कारण मग ते उन्हात राहिल्यासारखं दिसतं.

उघड्या पत्र्याचं विमान म्हणजे सगळं एकसारखं चकचकीत नव्हे. रडर, एलिव्हेटर आणि एलेरॉन या शेपटी-पंखांच्या हलणाऱ्या भागांवर कापड ताणलेलं असायचं आणि त्यावर चंदेरी डोप, म्हणजे कापड ताठ करणारा लेप. तिथं चमक मंद ठेवा. बाकी पत्र्याच्या पट्ट्यांत कमी-जास्त झाक हवी, कारण पत्र्याची लाटण्याची दिशा बदलली की उजेड वेगळा परततो. पायलटच्या काचेपुढचा ऑलिव्ह ड्रॅबचा पट्टा विसरू नका, नाहीतर त्याच्या डोळ्यांवर तिरीप आली असती. पत्रा आणि रिव्हेटच्या ओळी प्रत्यक्ष बघायच्या असतील तर रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेसला बसा आणि बेंगळूरला विमानं बनवणाऱ्या एचएएल या सरकारी कंपनीच्या संग्रहालयात कॅनबेरा बॉम्बरपाशी तासभर उभे राहा.

आपल्याकडच्या माणसानं भारतीय लिबरेटर एकदा तरी करावं असं मला मनापासून वाटतं. ब्रिटिशांनी कानपूरला टाकून दिलेली ही विमानं एचएएलनं उडण्याजोगी केली, एचएएलचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बेंगळूरला उडवत नेली, आणि नोव्हेंबर 1948 मध्ये पाच नंबरचं स्क्वाड्रन त्यांच्यावर उभं राहिलं. वर सांगितलेलं 44-44052 सुद्धा पुढे भारतीय हवाई दलात आलं. या विमानांचा 'कारखाना' बेंगळूरची शेड. तारीख इथंही बघावीच लागते: 1950 च्या आधी निळं अशोकचक्र, नंतर तिरंगी गोल.

कागदावर हे सगळं लिहून झालं की मग बाटल्या मागवा. चंदेरी रंगाखाली चकाकता काळा थर हवा. पावसाळ्यात बेळगावच्या दमट हवेत लॅकरवर पांढरी साय धरते, त्यामुळे हा थर मी मेअखेर आटोपतो, आणि जून ते सप्टेंबर फोटो बघण्यासाठी ठेवतो.